मधल्या केंद्रातली गिरणी

गुलबर्गा
९ फेब्रुवारी १९७६

व्यंकट,

पत्राच्या माथ्यावर जयभीम लिहू नको, टपाल घरमालकाच्या हातातून येतं, असं तू कळवलंस. लिहिलं नाही. घरमालकाने विचारलं तर सांग, गावाकडच्या बहिणीचं पत्र आहे, तिला पत्राची रीत कळत नाही.

गिरणी परवा सुरू झाली. मोटार नवी आहे, दगड जुने घेतले. तुझ्या दाजींनी दोन दिवस बसून दगडांना टाकी लावली. सगळं आयुष्य दाळमिलमध्ये दुसऱ्याच्या मोटारी सांभाळल्या. स्वतःच्या मोटारीचं बटण दाबण्याआधी त्यांनी हात धुतले.

केंद्र तू सांगितलं होतंस तसंच झालं आहे. खाली गाळे, वर घरं, मध्ये चौक. किराणा, कापड, शिंपी, दवाखाना. वरून बायका खाली बघत असतात. खालचे दिवे गेले तरी वरचे असतात, त्यामुळे अंधार पडत नाही. तेही तू सांगितलं होतंस. गावी, राजेश्वरला, आपल्या अंगणात ज्वारी मांडून तू आखलेलं सगळं शहर दाखवलंस, ते मला आठवतं. मोठ्या केंद्राला मूठभर ज्वारी, मधल्या केंद्रांना चिमूट चिमूट, लहानांना एकेक दाणा. मोठ्यात कचेऱ्या, बँका, टॉकीज. मधल्यात दवाखाना, बाजार, गिरणी. लहानात मीठमिरचीचं दुकान आणि बालवाडी. शहर वाढलं की केंद्रं वाढतील, कुणालाच कशासाठी लांब जावं लागणार नाही. आई म्हणाली, "दाणे उचल रं आता, पाय पडंल कुणाचा."

मग तू मला बाजूला घेऊन म्हणालास, अक्का, अर्ज कर. मधल्या केंद्रात गिरणी एकच, दुसरीला परवानगी नाही, हा नियम मी स्वतः लिहिलाय. दुसरी गिरणी म्हणजे थेट जुना बाजार, तीन मैल. पाय दुखले की माणूस जात विसरतो.

अर्ज केला. सोडतीत नाव निघालं. वरच्या घरांच्या सोडतीत निघालं नाही, म्हणून मागे पत्र्याची खोली भाड्याने घेतली आहे. तू माझा भाऊ आहेस हे इथे कुणाला माहीत नाही. तेही तूच सांगितलं होतंस. गावातलं घर दिराला देऊन आलो. गिरणी नाही चालली तर परत जायचं ते त्याच्या दारात, हे तुला वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी बघायला पुष्कळ लोक आले. डबा घेऊन कुणी आलं नाही. शेजारच्या किराणा दुकानाचे वीरण्णा आले, मोटारीवर हात फिरवला, म्हणाले, "गाव कोणतं म्हणलाव?"

"राजेश्वर," मी म्हणाले.

"राजेश्वरात कुठं? येशीच्या आत का भाईर?"

तुझे दाजी पट्ट्याला राळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "येसच ऱ्हायली न्हाई, अण्णा. दगडं लोकांनी घराला नेली. आता आत कोण आन् भाईर कोण, कळंना झालंय."

वीरण्णा हसले. मग त्यांना भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि हसणं थांबलं. वाईट काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "गिरणी चांगली हाय."

इंदिराला आणि मुलांना आशीर्वाद.

अक्का


गुलबर्गा
२ मे १९७६

व्यंकट,

चालते का, असं तू विचारलंस. मोटार चालते.

दळण येतं ते चौकापलीकडच्या झोपड्यांतून. गवंडी, बिगारी, त्यांच्या बायका. सगळे आपल्यातलेच. ओंजळभर ज्वारी, फडक्यात बांधलेली. बांधकाम संपलं की ही माणसं दुसऱ्या केंद्राच्या बांधकामावर जातील.

आमच्या डोक्यावर बसव्वा राहतात. विधवा आहेत, शिलाई मशीन चालवतात, वीरण्णांना पिशव्या शिवून देतात. मनाने मोकळ्या आहेत. पहिल्या आठवड्यात डबा घेऊन खाली आल्या, दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणाच्या दळणावर टाकायलाव?"

हे सगळ्याच गिरण्यांत विचारतात. आधीच्या दळणाचं पीठ दगडांत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून ज्वारीवर ज्वारी टाकायची, गव्हावर गहू.

"ज्वारीवर ज्वारीच हाय," मी म्हणाले.

"ज्वारी कळाली वो. कुणाची?"

मी खरं सांगितलं. पलीकडच्या झोपडीतल्या बाईची. बसव्वा थोडा वेळ डबा कडेवर घेऊन उभ्या राहिल्या आणि तसाच वर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी आल्या आणि पायरीवर बसल्या. "राग धरू नका, विमलबाई. मला काई न्हाई. तुमच्या हातचं पाणीबी मला चालतंय. पर पीठ पोटात ऱ्हातंय."

दाजी म्हणाले, "मग पाणी कुठं ऱ्हातंय, अक्का?"

त्या हसल्या. मलाही हसू आलं. दाजींना तेवढ्याने जोर आला. "तुमच्यात तर बसवण्णांनी जात मोडली म्हणत्यात."

"मोडली की वो," बसव्वा म्हणाल्या. "पर मोडलेलं बी लोक टाकून देत न्हाईत. माळ्यावर ठिवत्यात."

अशा गप्पा रोज होतात. त्यांच्यावर गिरणी चालत नाही.

वीरण्णांच्या घरची ज्वारी जुन्या बाजारात जाते. सायकलवर. तीन मैल जाते, तीन मैल येते. त्यांचे पाय दुखत नाहीत, कारण सायकल भीमण्णा मारतो. हा त्यांचा गडी, चिटगुप्प्याकडचा, आपल्यातलाच. डबा आपला माणूस बांधतो, आपल्या गिरणीसमोरून आपला माणूस नेतो, तिकडे पीठ पाडून आपलाच माणूस आणतो. वीरण्णांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी डबा ठेवतो आणि तिथून पुढे त्याला मनाई आहे. पितळी डब्याला विटाळ नाही म्हणे. तुझ्या नकाशात अंतर होतं. गडी नव्हता.

दाजी म्हणतात, मेव्हण्यानं नकाशात गिरणी काढली, गिऱ्हाईक काढायचं ऱ्हायलं. रागाने म्हणत नाहीत.

फोटो आतल्या खोलीत लाव, असं सुचवलंस. गाळ्याला आतली खोली नाही. गाळा तू काढलेला आहे, तुला माहीत असायला हवं.

अक्का


गुलबर्गा
२१ नोव्हेंबर १९७६

व्यंकट,

आता गिरणी चालते. कशी चालते ते सांगायचं की नाही, याचा विचार करत होते, म्हणून पावसाळाभर पत्र नाही.

आषाढात एका दुपारी भीमण्णा आला. सायकलवरून डबा उतरवला आणि माझ्यापुढे ठेवला. पितळी डबा, झाकणावर वीरण्णांचं नाव कोरलेलं.

"टाका, अक्का."

"कुणाचं?"

"माझंच समजा."

"भीमण्णा, वाचता येतं मला."

"मग डोळं मिटून टाका. मला दमा हाय. ह्या चिखलात तीन मैल सायकल मारायची ताकद कुणाच्या बापात हाय वो?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण काढलं. त्यांनी दळण टाकलं.

पीठ घेऊन भीमण्णा मागच्या चिंचेखाली बसला. चहा प्यायला, बिडी ओढली, दाजींना सिनेमाची गोष्ट सांगितली. जुन्या बाजारात जाऊन यायला लागतो तेवढा वेळ घालवला, पीठ निवू दिलं आणि मग मागच्या वाटेने सायकल ढकलत गेला. आधी चाकांना चिखल लावून घेतला.

त्याची चाकरी चोख, असं बघून वरच्या इतर घरांनीही आपले डबे त्याच्याकडे द्यायला सुरुवात केली. आता त्याच्या सायकलला पुढे-मागे डबे लटकलेले असतात. बसव्वांचाही असतो. सगळा चौक माझ्या गिरणीचं पीठ खातो.

वीरण्णांच्या आई नागम्मा जेवताना काय म्हणतात ते भीमण्णाने मला नक्कल करून दाखवलं. तोंडात दात नाहीत असं करून, हातात भाकरीचा तुकडा धरून: "जुन्या बाजारच्या पिठाला तोड न्हाई बग. हितल्या गिरणीचं पीठ थापाय घेतलं की चिरतंय म्हणं."

"चिरतंय म्हणून कुणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"मीच की."

हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण हसणं संपल्यावर बरं वाटेना. तू लिहिशील, अक्का, पीठ पोटात गेलं, म्हणजे झालं. झालं नाही. वरच्या मजल्यावरचं एक माणूस, एकच, दिवसाढवळ्या पायऱ्या उतरून हातात डबा घेऊन माझ्या दारात यावं, एवढ्यासाठी मी गाव सोडलं. तुझा नियम जिंकला आणि ते कुणालाच कळलं नाही. चोराच्या घरात लक्ष्मी आली तर तो दिवा लावत नाही, तसं आमचं चाललं आहे.

दाजींची तब्येत बरी आहे. धुळीने खोकतात.

अक्का


गुलबर्गा
१९ जानेवारी १९७७

व्यंकट,

कळलं सगळ्यांना.

मोठ्या केंद्रातल्या नव्या टॉकीजमध्ये भीमण्णाला तीनचा खेळ बघायचा होता. चिंचेखाली बसला नाही. दळण झालं तसे डबे सायकलला अडकवून गेला. नागम्मांनी पीठ चाळायला घेतलं आणि हात बाहेर काढला.

"पीठ गरम कसं रे?"

"ऊन लागलं वाटंत, अव्वा."

"संक्रांतीत ऊन?"

हे मला बसव्वांनी सांगितलं. भीमण्णाने त्यावर आणखी काही थाप मारली, पण वीरण्णांनी दुसऱ्या माणसाला जुन्या बाजारात पाठवलं. तिथल्या गिरणीवाल्याने सांगितलं, तुमचा डबा मी पावसाळ्यापासून बघितला नाही.

भीमण्णाला कामावरून काढलं. मारलं नाही. वीरण्णा मारणारे नाहीत. तो बायकामुलांना घेऊन चिटगुप्प्याला गेला. जाताना आमच्याकडे आला आणि म्हणाला, सिनेमा बी भिकार निघाला वो.

घराघरांतलं पीठ केंद्रामागे बांधलेल्या म्हशींना घातलं. डबे राखेने घासले आणि वरच्या सज्जात पालथे घालून उन्हात ठेवले. चौकाच्या चारी बाजूंनी. गिरणीच्या दारात उभं राहिलं की सगळे दिसत होते. पितळ घासलं की फार चमकतं.

बसव्वा खाली आल्या. पायरीवर बसल्या नाहीत.

"मीबी खाल्लं व्हय?"

"खाल्लं."

"कवापून?"

"आषाढापासून."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग रागावल्यासारख्या म्हणाल्या, "मला काईच झालं न्हाई." आणि वर गेल्या. मी वाट बघितली. संध्याकाळी त्यांचाही डबा सज्जात पालथा होता.

वीरण्णा आले. आवाज चढवला नाही.

"बाई, तुमी सांगायला पायजे व्हतं."

"काय?"

"डबं कुणाचं हायत ते तुमाला ठाऊक व्हतं."

"दळण कुणाचं, ते आमी कुणाला इचारत न्हाई, अण्णा. तुमी इचारताव."

त्यांनी वर आपल्या घराकडे बघितलं. "म्हातारी जेवंना झालीय. तिला कोण समजावणार, तुमी?" म्हणाले. मला त्या क्षणी त्यांची दया आली. ही गोष्ट तुला सांगून ठेवते, कारण पुढची ऐकून तुला वाटेल की मी पहिल्यापासून त्यांच्या वाईटावर होते.

कोपऱ्यातला गुदामाचा गाळा रिकामा आहे. पुतण्या लिंगराजच्या नावाने तिथे दुसरी गिरणी टाकायची, असा अर्ज ते करणार आहेत. नियमाप्रमाणे मिळणार नाही. नियम तुझा आहे, म्हणून मी घाबरले नाही. एवढंच कळवते की अर्ज इथून वर जाईल, बंगलोरला, आणि ज्याने आराखडा केला त्याचा अभिप्राय मागतील. मला दळण आणून दे, असं मी म्हणत नाही. तू जे लिहिलं आहेस तेवढं राहू दे.

अक्का


गुलबर्गा
३० ऑगस्ट १९७७

व्यंकट,

मंजुरीचा कागद चौकात लावला आहे. इंग्रजीत आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला वाचून दाखवला. लोकवस्ती वाढल्यामुळे एका गिरणीवर ताण पडतो, रहिवाशांची गैरसोय होते, सबब दुसऱ्या गिरणीस हरकत नाही. खाली तुझं नाव. आडनाव तू आता नुसत्या एका अक्षरावर भागवतोस, तरी मी ओळखलं.

माझ्या गिरणीवर ताण पडतो.

रोज किती दळण येतं, कुणाचं येतं, कुणाचं येत नाही, हे मी दीड वर्ष तुला लिहीत होते. सगळ्या कर्नाटकात ह्या गिरणीची एवढी माहिती दुसऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला नसेल.

कंपाउंडर म्हणाला, "बाई, तुमचं काम हलकं झालं."

मी व्हय म्हणाले.


गुलबर्गा
१२ नोव्हेंबर १९७७

व्यंकट,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दाजींना वाचून दाखवलं नाही.

अडवलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीसाठी अडवलं, असं तू लिहितोस. कोण म्हणालं असतं? तू माझा भाऊ आहेस, हे इथे कुणाला माहीत नाही. मी मेले असते तरी सांगितलं नसतं. नियम माझ्या अर्जाच्या आधीचा होता. तो नुसता होता तसा ठेवायचा होता. बहिणीसाठी अडवलं, याची भीती तुला नव्हती. ही तुझी बहीण आहे, हे कळेल, याची होती. घरमालकाला, ऑफिसात, इंदिराच्या मैत्रिणींना.

पुढे तू लिहितोस, शहराच्या कडेला आपल्या लोकांची नवी वसाहत झाली आहे, तिथे लहान केंद्र आहे, तिथला गाळा मी तुला मिळवून देतो, तिथे दळण कमी पडणार नाही. लहान केंद्रात गिरणी नाही, हाही तुझाच नियम. म्हणजे नियम दोन वेळा वाकला. एकदा त्यांना माझ्यापासून लांब ठेवायला, एकदा मला त्यांच्यापासून. दोन्ही वेळा एकाच बाजूला वाकला.

मी शिकले सातवीपर्यंत. तरी इतकं कळतं की शहरात सगळंच सारख्या आकाराचं करता येत नाही. टॉकीज दर गल्लीत नको. मोठं लागतं, मधलं लागतं, लहान लागतं. पण मोठ्यात कोण राहायला गेलं, मधल्यात कोण, आणि त्या एकेका दाण्याच्या केंद्रांत कोण, हे तू बंगलोरहून येऊन एकदा फिरून बघ. विचारायची गरज नाही. दारांवरची नावं वाच. गावात आपल्याला निदान माहीत होतं की हे जुनं आहे, आपण केलेलं नाही.

तिथे माझी गिरणी जोरात चालेल, हे खरं आहे. आपली माणसं चांगली आहेत, दळण टाकतील, सुखदुःख बोलतील. दाजी तर उद्या जायला तयार होतील, त्यांना खोकल्यापेक्षा रिकामं बसण्याचा त्रास जास्त होतो. त्यांना सांगितलं असतं तर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून वाचून दाखवलं नाही.

मी इथेच राहणार.

पोटाचं विचारलंस. चटणीची मिरची कुटून देते. आणि आता वीरण्णांच्या घरून, वरच्या सगळ्याच घरांतून, म्हशींचा भरडा माझ्याकडे येतो. लिंगराजची गिरणी माणसांच्या पिठाची आहे, भरड्याने दगड खराब होतात. म्हशींना चालतं.

अक्का


गुलबर्गा
४ मार्च १९७९

व्यंकट,

सव्वा वर्षाने लिहिते आहे. तुला लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. काल तू येऊन गेलास, म्हणून लिहिते.

केंद्रांची तपासणी आहे, बंगलोरचे साहेब येणार, वापरात नसलेले गाळे काढून घेऊन दुसऱ्याला देणार, असं आठवडाभर आधी कळलं होतं. साहेब म्हणजे तू, हे जीपमधून उतरलास तेव्हा कळलं. तू जाड झाला आहेस. केस आपल्या आप्पांसारखे मागे गेले आहेत.

वीरण्णांनी हार घातला. तू चौकात उभा राहून वरची घरं, खालचे गाळे दाखवत होतास, बरोबरचे लोक माना हलवत होते. बोलणं चांगलं होतं. अंगणात बोलायचास तसंच. मी दारातून ऐकत होते. मला वाटलं, आता हा वळेल.

वळलास. हातातल्या कागदावर बघितलंस. वीरण्णांना विचारलंस, ही दुसरी गिरणी कुणाची, बंद असते का? वीरण्णा म्हणाले, "बाईची हाय, साहेब. बाई चांगली हाय. चालली न्हाई."

तू माझ्यापुढे आलास. हातभर अंतर होतं. आणि तू मला कन्नडमध्ये विचारलंस, "गिरणी नडीतदेन?"

आईच्या पोटातून आल्यापासून तू माझ्याशी मराठीशिवाय दुसरं काही बोलला नव्हतास. आपण कन्नड दुकानात बोलायचो, कचेरीत बोलायचो.

मी म्हणाले, "हौद्री, नडीतद." होय जी, चालते.

सगळ्यांसमोर मी तुला जी म्हणाले. घाबरून नव्हे. तुझ्या मागे वीरण्णा होते, तुझ्या ऑफिसची माणसं होती. आणि तुझं तोंड इतकं पांढरं पडलं होतं की मला वाटलं, मी दुसरं काही बोलले तर हा खाली बसेल. लहानपणी तू विहिरीच्या काठावर असा पांढरा पडायचास आणि मी तुला मागे ओढायची. काल तेवढ्यासाठीच बोलले.

तुझा ओव्हरसियर म्हणाला, चालवून दाखवा.

दारात वीरण्णांचा भरड्याचा डबा होता. तो टाकला असता तर काम झालं असतं. मी पत्र्याच्या खोलीत गेले, आमची आठवड्याची ज्वारी होती ती आणली. दाजींनी बटण दाबलं. मी दळण टाकलं. पीठ पडायला लागलं.

पीठ पडायला लागलं की कोणीही हात पुढे करतं. चिमटीत धरून चोळून बघतं, बारीक आहे का जाड. ओव्हरसियरने बघितलं. ब्राह्मण होता की कोण होता, मला माहीत नाही, पण त्याने चांगलं चोळून बघितलं आणि मान हलवली. तुझे हात खिशात होते. वीरण्णा तुझ्या हातांकडे बघत होते. मीही बघत होते. तू ते बाहेर काढले नाहीस.

मग कागदावर लिहिलंस, चालू. ते मी बघितलं. गाळा राहिला. खरं म्हणून लिहिलंस की माझ्यावर उपकार म्हणून, ते विचारत नाही.

नंतर तू वीरण्णांकडे जेवायला गेलास. वरच्या सज्जात पाट मांडले होते. खाली ऐकू येत होतं, नागम्मा मोठ्या आवाजात तुला आग्रह करत होत्या, अजून एक भाकरी घ्या, साहेब, आमच्या लिंगराजच्या गिरणीचं पीठ हाय. तू घेतलीस. त्यांनी तुला तुझं गाव विचारलं. तू काय सांगितलंस ते मोटारीच्या आवाजात ऐकू आलं नाही. तेवढ्यासाठी मी मोटार बंद केली नव्हती.

जीप गेल्यावर दाजींनी पट्टा उतरवला. हात पुसत म्हणाले, "साहेबाचं कन्नड चांगलं हाय." 

तपासणी आता दर वर्षी होणार, असं ओव्हरसियर सांगून गेला. होऊ दे. ज्वारी मी घरात ठेवीन.

पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी पाठव. परक्या माणसाला गिरणी चालवून दाखवायला मला जड जात नाही.